देवणीला, सुलतानच्या फोटोसाठी

अक्काचा फोन आला तेव्हा मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक तिसऱ्यांदा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं. पहिलं पान आता पाठ झालं होतं. त्यात बॅटरी कशी बसवायची ते होतं.

“सुभाष, कॅमेरा घेतलास म्हणं?”

“घेतला की.”

“येतंय का काही काढायला?”

“शिकून राहिलोय, अक्का.”

“मग जल्दी शिक. येळवशीचा सण झाला की दुसऱ्या दिवशी सुलतान चाकूरला चाललाय. त्याच्या आधी येऊन आमचा दोघांचा एक फोटो काढून दे.”

“तुझा आन सुलतानचा?”

“माझा आन तुझ्या दाजीचा! सुलतानचे हायत ढिगानं.”

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कौसल्या. लग्न होऊन देवणीला गेली त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. तिचे यजमान माणिकराव, आमचे दाजी, हे देवणी जातीच्या जनावरांसाठी पंचक्रोशीत नावाजलेले. सुलतान हा त्यांचा वळू. अंगानं दुधासारखा पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळा. या रंगाला तिकडं वानेरा म्हणतात. पण दाजींचा खुबा झिजला, काठीशिवाय चालवेना, आणि वळू काही काठी टेकून सांभाळता येत नाही. म्हणून तो चाकूरला त्यांच्या पुतण्याकडं, बालाजीकडं, द्यायचं ठरलं होतं. गोठ्यातलं हे शेवटचं जनावर.

आता सेहेचाळीस वर्षांत नवरा-बायकोचा एकही फोटो नाही म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. लग्नात उदगीरहून फोटोग्राफर आला होता. रोळात बारा फोटो. अक्काच्या सासऱ्यांनी आधी वरातीच्या बैलजोडीचे काढायला लावले. समोरून, बाजूनं, झूल घालून, झूल काढून. नवरा-नवरीची पाळी आली तेव्हा रोळ संपला. एका फोटोत बैलाच्या वशिंडामागं आमच्या वडिलांचा फेटा तेवढा दिसतो. माहेरच्या माणसांपैकी तेवढीच हजेरी. पुढं सासू-सासऱ्यांसमोर शेजारी उभं राहायची सोय नव्हती. सासू-सासरे गेले तोवर शेजारी उभं न राहायची सवय लागली होती.

विष्णुपुरी

कॅमेरा मी घेतला असं अक्काला सांगितलं, पण खरं तर तो माझ्या लेकीनं, ऋतुजानं, दिला. “पप्पा, गोष्टी सांगताना तुम्ही लई हातवारे करता. हातात धरायला काहीतरी असलेलं बरं,” एवढंच तिचं कारण. चौपन्नाव्या वर्षी माणसाला नवीन काही शिकवायचं म्हणजे शिकवणाऱ्याचा कस लागतो. तिचा चांगलाच लागला.

नांदेडपासून विष्णुपुरी जवळ. सकाळी सकाळी धरणाच्या पाण्यावर धुकं असतं, बगळे असतात आणि चालायला आलेली माणसं असतात. मी पहिल्या दिवशी बगळ्यांचे अकरा फोटो काढले. अकराही काळेकुट्ट आले. मागं एक गृहस्थ बराच वेळ थांबले होते. शेवटी हळूच म्हणाले, “सर, झाकण.” मी भिंगावरचं झाकण असं काढलं, जणू काही अकरा वेळा झाकून मगच उघडायची पद्धत असते.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा सोबत आली. कोपरं बरगड्यांना चिकटवा, ती सांगायला लागली. श्वास अर्धा सोडून मग बटण दाबा. ऊन आपल्या पाठीशी ठेवा. माणूस असो की जनावर, डोळा स्पष्ट आला पाहिजे. डोळा पुसट आला तर बाकी काही कामाचं नाही. पडद्यावर बघून घाईनं काही पुसून टाकू नका, घरी मोठ्या पडद्यावर बघा आणि शंभरातले पाच ठेवा. ज्याचा फोटो आहे त्याला विचारल्याशिवाय कुठं टाकू नका.

“आन सगळ्यात महत्त्वाचं,” ती म्हणाली, “जवळ जा. नवशिकी माणसं लांबून फोटो काढतात. मग फोटोत आभाळ फार आणि माणूस मुंगीएवढा.”

‘जवळ जा’ हे मी चिठ्ठीवर लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि चिठ्ठी खिशात घातली.

निघायच्या दिवशी मी कॅमेरा, चार्जर, जास्तीची बॅटरी, पुसायचं मऊ फडकं, पावसाळा नसताना पावसाची पिशवी, असं सगळं मांडून बसलो. मंगल, माझी बायको, दारात उभी राहून बघत होती.

“देवणीला चाललात का चंद्रावर?”

देवणी, पहिला दिवस

एसटीच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगतो, की कॅमेरा मी मंगलच्या शालीत गुंडाळून मांडीवर धरला होता आणि अहमदपूरपर्यंत शेजारच्या बाई चूपचाप बसल्या होत्या. मग त्यांना राहवलं नाही. “बाळाला बरं न्हाई का?” त्यांनी विचारलं. मी ‘हाव’ म्हणत मान डोलावली. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

उदगीर सोडलं की बोलण्याला कानडी हेल येतो आणि जमीन आणखी काळी होते. तूर काढणीला आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला. अक्का दारातच उभी होती. आमच्या नांदेडला पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का जेवणार. अक्काकडं विचारायची रीत नाही. पाय धुऊन होईपर्यंत पुढ्यात येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा आला. भाकरी मोडून आमटीत कुस्करली ती पहिल्या घासाला नाकातून पाणी काढून गेली, आणि दुसऱ्या घासाला मी आठवीतला सुभाष झालो.

दाजी गोठ्यातच होते. “या पाव्हणं. कॅमेरा आणलाव म्हणं. चला, सुलतानचा काढा.”

“दाजी, मी तुमचा आन अक्काचा...”

“माणसाचा फोटो काय काढायचा! जनावर बघा आधी.”

मी चिठ्ठी आठवून जवळ गेलो, उभ्यानंच कॅमेरा डोळ्याला लावला. दाजींनी काठीनं माझ्या गुडघ्याला टोचलं.

“बसा खाली. उभ्यानं काढला की जनावर बुटकं दिसतंय. त्याच्या खांद्याच्या सरळीत कॅमेरा धरा. चारी पाय दिसले पायजेत, मागचा एक जरासा मागं.”

ही माहिती माझ्या पुस्तकात नव्हती. दाजी गेली काही वर्षं देवणी जनावरांच्या एका ग्रुपवर फोटो टाकतात. तिथं राज्यभरातले हौशी आहेत आणि नियम कडक: फोटोत जनावर सोडून दुसरं काही नको. त्यामुळं कासरा धरणाऱ्यानं हात लांब करून चौकटीबाहेर उभं राहायचं. पण जनावर कान पाडून उभं राहिलं तर फोटोत जान येत नाही. मग काय करायचं? दाजींनी मान न वळवता हाक मारली, “अगं ए, डबा!”

अक्का सरकीचा पत्र्याचा डबा घेऊन आली. सुलतानच्या तोंडासमोर, चार हात लांब, चौकटीबाहेर उभी राहिली आणि डबा खुळखुळवला. खुळ्ळ खुळ्ळ. सुलतानचे कान टवकारले, मान उंच झाली, डोळे चमकले. “हां, आता!” दाजी ओरडले.

काढला. पडद्यावर पाहिलं तर सुलतान नव्हता. उन्हात वाळत घातलेली चादर होती, आणि तिला दोन शिंगं.

ऋतुजाला फोन लावला. ती हसत होती की खोकत होती कळलं नाही. “पप्पा, काळ्या जमिनीवर पांढरं जनावर. जमीन बघून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. तुम्ही उजेड थोडा कमी करा. ते अधिक-उणेचं बटण आहे ना, उण्याकडं सरकवा.” सरकवलं. चादरीत हळूहळू बरगड्या आल्या, वशिंड आलं, कातडीवरची घडी आली. दाजींनी पडदा डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, “बेस.” सेहेचाळीस वर्षांत दाजी मला पहिल्यांदा बेस म्हणाले.

चहा घेताना त्यांनी मोबाइलमधले जुने फोटो दाखवले. सुलतान, त्याची आई, आईच्या आधीची शेवरी, म्हणजे काळ्या ठिपक्यांची गाय, तिच्या आधीचा बक्षीस मिळालेला गोऱ्हा. पन्नास-साठ तरी असतील. बघता बघता माझ्या ध्यानात आलं, की सगळी जनावरं एकाच बाजूला बघतायत. कान टवकारून, कुणीतरी आपलं आल्यासारखी. तिकडं अक्का उभी असणार. एका फोटोच्या कडेला डब्याचा कोपरा आणि हिरव्या बांगड्या राहून गेल्या होत्या.

“दाजी, एवढ्या फोटोंत अक्का एकातही न्हाई.”

“तिला काय प्रदर्शनाला न्यायचंय?”

“नेलं असतं तर तुमच्या गोऱ्ह्याच्या आधी बक्षीस आलं असतं,” अक्का चुलीपासून म्हणाली.

उन्हं कलली तेव्हा अक्का आत जाऊन तिच्या लेकीनं दिवाळीला दिलेली जांभळी साडी नेसून आली, केस बसवून आली आणि तुळशीजवळ येऊन उभी राहिली.  मी दाजींकडं पाहिलं. दाजींनी साडीकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं, मग काठी उचलली.

“सुलतानला पाणी दाखवून येतो.”

“आत्ताच पेलाय की तो.”

“परत पेईल. ह्या वयात फोटोला उभं ऱ्हायचं, लोकं हसतील.” आणि गेले.

अक्कानं साडीचा पदर खोचला. म्हणाली, “चल, भज्जीची भाजी निवडायचीय.” मी तिच्यासोबत वालाच्या शेंगा सोलत बसलो.  शेंगा तिनं दोन माणसांच्या वेगानं सोलल्या.

येळवस

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूरकडची ही गोष्ट नांदेडच्या लोकांनाही सांगून कळत नाही, मग पुण्या-मुंबईच्या लोकांना काय सांगणार. त्या दिवशी गाव रिकामं होतं. बाजार, कचेऱ्या, सगळं ओस. माणसं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करतात आणि मग जेवायला सुरुवात होते ती थांबत नाही. भज्जी, म्हणजे हिवाळ्यात जे जे हिरवं मिळतं ते सगळं बेसन लावून शिजवलेलं. ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर, आणि माठभर अंबील. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसाला हाताला धरून आणून जेवू घालतात. मला तीन शेतांत हाताला धरलं. कॅमेऱ्याची पिशवी बघून एकानं विचारलं, “टीव्हीवाले का?” मी नाही म्हणालो, तरी खीर कमी केली नाही.

पूजेला नवरा-बायको दोघं बसतात, हे मला अक्कानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणजे आपसूक काम होणार होतं. मी कोपीच्या तोंडाशी दबा धरून बसलो. कोपीत अंधार, दार हातभर रुंद, बाहेर पांढरंफेक ऊन. दोघं आत गेले, वाकले, मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्यानं स्वतःच्या मनानं लखकन उजेड पाडला. दाजी दचकले, हातातली अंबिलीची वाटी पाच दगडांवर एकदमच सांडली.

“सोयरे, पूजा हाय ही, पंचनामा न्हाई!”

फोटोत पाच झगझगीत दगड आणि दोन पाठी आल्या होत्या. त्यातली कुठली कुणाची हे सांगावं लागेल अशा. अक्कानं पाहिला, म्हणाली, “चांगलाय. ठिव.” तिच्या ‘चांगलाय’चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे.

दुपारभर पोट धरून लिंबाखाली पडलो. माझ्यापुढं आता एकच संध्याकाळ होती. उद्या सकाळी टेम्पो येणार होता. सुलतान गेल्यावर दाजी कॅमेऱ्यासमोर कशासाठी उभे राहणार?

ऊन मऊ झालं तेव्हा दाजी स्वतःच उठले. सुलतानला धुतलेलं होतं, शिंगांना तेल लावलेलं होतं. “पाव्हणं, ग्रुपवर टाकायला शेवटचा एक काढा. झ्याक आला पायजे.”

हरभऱ्याच्या कडेला सुलतान उभा केला. एका टोकाला दाजी कासरा लांब धरून. दुसऱ्या टोकाला अक्का, डबा घेऊन. मी गुडघ्यावर बसलो. ऊन पाठीशी, कोपरं बरगड्यांना, अर्धा श्वास सोडलेला, उजेड उण्याकडं. चिठ्ठीप्रमाणं जवळ. खुळ्ळ खुळ्ळ. सुलतानचे कान वर. काढला.

पडद्यावर पाहिला. आजवर मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो. डोळा असा स्पष्ट, की पापणीचे केस मोजावेत. चारी पाय, वशिंड, शेपटीचा गोंडा, सगळं काठोकाठ. आणि कॅमेरा खाली केला तर दोन्ही कडांना, हातभर बाहेर, ती दोघं उभी.

मी उठलो. माझे गुडघे सुलतानलाही ऐकू गेले. आणि उलट्या पावलांनी मागं चालायला लागलो. एक, दोन, चार. हरभऱ्यात शिरलो.

“कुठं चाललाव? घाटे तुडवून राहिलाव!”

“शेपटी कापली जातीय, दाजी! हलू नका. परत एकदा.”

दहा पावलं झाली. आता चौकटीत आभाळ फार होतं आणि माणसं मुंगीएवढी नाही तरी बोटाएवढी होती. दाजी हात लांब करून, आपण बाहेर आहोत या समजुतीत बिनघोर उभे. “अक्का, वाजव!”

तिनं डबा वाजवला. काढला.

फोटो दाखवला तेव्हा

घरी येऊन तोंड धुतलं, कॅमेरा पुढ्यात ठेवला आणि कबूल केलं. “दाजी, शेपटी कापली जात नव्हती. मी खोटं बोललो. ह्या फोटोत तुम्ही दोघंबी आलाव. तुम्ही न्हाई म्हणलाव तर आत्ता तुमच्यासमोर पुसून टाकतो.”

अक्कानं माझ्याकडं असं पाहिलं, की पुसायचा शब्द काढायची काय गरज होती.

दाजींनी चष्मा लावला. पडदा डोळ्याजवळ नेला. मला वाटलं आता हरभऱ्याचा विषय निघणार.

“माझं ध्यान तर कॅमेऱ्याकडं न्हाईच,” ते म्हणाले.

“मला दावा की,” अक्का म्हणाली.

तिनं कॅमेरा हातात घेतला. मी तिला चित्र मोठं करायचं बटण दाखवलं. फोटोत सुलतान कान टवकारून तिच्याकडं बघत होता. ते तिला नवीन नव्हतं. ती स्वतः डबा उंच धरून सुलतानच्या कानांकडं बघत होती. आणि कासरा धरलेले दाजी, मान वळवून, सुलतानच्या पाठीवरून तिच्याकडं बघत होते. डबा वाजला की ते असेच बघत असणार. पण तिचं लक्ष इतकी वर्षं जनावराच्या कानांवर.

“हे असं बघत असताव व्हय?” अक्का म्हणाली.

दाजींनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “ग्रुपवर फोटो टाकला की पुसट होतोय. आख्खा कसा पाठवत्यात?”

मी त्यांना दाखवलं: फोटो नुसता पाठवला तर लहान होतो, फाईल म्हणून जोडला तर जसाच्या तसा जातो. आधी कॅमेऱ्यातून मोबाइलमध्ये घ्यायचा. कडा कापायच्या का, असं मोबाइल विचारेल, तर नाही म्हणायचं. दाजींनी तीनदा करवून घेतलं. मला वाटलं, सुलतानचा एकट्याचा पाठवायचा असेल.

चाकूर

सकाळी टेम्पोत सुलतानसोबत मीही चढलो. चाकूरहून नांदेडची गाडी मिळणार होती. दाजी आले नाहीत, दावणीपाशी बसून राहिले. अक्कानं सरकीचा डबा माझ्या हातात दिला. “बालाजीला सांग, ह्याशिवाय कान वर करणार न्हाई.”

बालाजी पन्नाशीचा, मनाचा चांगला माणूस. नवा गोठा, पंखा, सगळं तयार. त्यानं कौतुकानं डबा वाजवला. सुलताननं कान टवकारले, पण बालाजीकडं नाही पाहिलं. आम्ही ज्या रस्त्यानं आलो त्या रस्त्याकडं पाहिलं. मी कॅमेरा पिशवीतून काढला आणि परत ठेवला.

एसटी अहमदपूरला थांबली तेव्हा मोबाइल वाजला. दाजींनी ग्रुपवर टाकलेली गोष्ट मलाही पाठवली होती. दहा पावलं मागचा फोटो, कडा न कापता, आख्खा. खाली जनावराच्या माहितीचा त्यांचा नेहमीचा तक्ता. मी वाचला आणि तेवढ्यात अक्काचा फोन.

“सुभाष, ह्यांनी काहीतरी टाकलंय म्हणं. माझा चष्मा सापडंना. वाच बरं.”

तिचा चष्मा कायम गळ्यात अडकवलेला असतो. मी वाचलं.

“नाव सुलतान. वाण देवणी, वानेरा. दात आठ. सवय, डब्याच्या आवाजाला कान वर करतो. मालक, माणिकराव आणि कौसल्याबाई.”

पलीकडं बांगड्या वाजल्या. मग लांबून दाजींचा आवाज आला, “अगं ए, चहा कर की.” एवढ्या वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती, आणि आजही मारली नाही.

“आवाज कटून राहिलाय,” अक्का म्हणाली. “शेवटची ओळ परत वाच.”

आवाज चांगला येत होता. मी परत वाचली.